जंतांवरची औषधे: उसनवारी किती दिवस पुरणार?

दरवर्षी १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन असतो. गावोगावच्या अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, चुरून. त्या दिवशी जे मूल गैरहजर असेल त्याला नंतर गाठून गोळी देतात. २०१५ पासून चाललेली ही मोहीम जगातल्या सर्वांत मोठ्या जंतनाशक मोहिमांपैकी एक आहे. पण या गोळीचा जन्म मुलांसाठी झालेला नाही. अल्बेंडाझोल १९७० च्या दशकात एका अमेरिकी कंपनीच्या पशुऔषध विभागात तयार झाले, ते मेंढ्या आणि गुरांच्या पोटातले जंत पाडण्यासाठी. माणसासाठी त्याला परवानगी मिळाली १९८२ मध्ये.

ही गोळी स्वस्त आहे, सुरक्षित आहे आणि तिने कोट्यवधी मुलांचे भले केले आहे, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यानंतरच्या चाळीस वर्षांबद्दल. या काळात कर्करोगावर, एचआयव्हीवर, मधुमेहावर एकामागून एक नवे औषधवर्ग निघाले. माणसाच्या आतड्यातील जंतांवर मात्र पूर्णपणे नव्या जातीचे एकही औषध अजून सार्वजनिक मोहिमेत आलेले नाही. आज आपण जी वापरतो ती बहुतेक सगळी औषधे १९६० ते १९८० या दोन दशकांतली आहेत आणि त्यातली बहुतेक गोठ्यातून घरात आलेली आहेत. ही उसनवारी कुठवर पुरेल, नवे काय येऊ घातले आहे आणि ते अडते कुठे, हे पाहायला हवे.

आधी दुखण्याचा आवाका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सुमारे १५० कोटी लोकांच्या पोटात मातीतून पसरणारे जंत आहेत: गोल जंत, चाबकाच्या आकाराचा ट्रायच्युरिस आणि आतड्याला चिकटून रक्त पिणारा अंकुशकृमी. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या शिस्टोसोमियासिससाठी २५ कोटींच्या आसपास लोकांना प्रतिबंधक औषधाची गरज असते, त्यातले बहुसंख्य आफ्रिकेत. शिवाय हत्तीरोग, आफ्रिकेतल्या नद्यांकाठी माणसे आंधळी करणारा ऑन्कोसर्कायसिस, यकृतातले कृमी, मेंदूत गाठी करून फिट्स आणणारा डुकराचा पट्टकृमी. यातले फार थोडे रोग माणसाला झटकन मारतात. अंकुशकृमीची एक जात दिवसाला ०.०३ मिलिलिटर रक्त पिते, दुसरी ०.१५ ते ०.२. आकडा क्षुल्लक दिसतो. पण पोटात असे शंभर कृमी असतील आणि ताटात लोह नसेल, तर बाळंतपणाला आलेल्या बाईचे हिमोग्लोबिन सहा-सातवर आलेले असते. जंत माणसाला असे हळूहळू झिजवतात, आणि झिजणारा माणूस बातमीत येत नाही.

आपल्याकडे तान्ह्या बाळाला वावडिंग घालून उकळलेले पाणी देण्याची रीत अजून टिकून आहे. पळसाचे बी, कपिला हीही आयुर्वेदातली जुनी कृमिघ्न औषधे. युरोप-अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सँटोनिन आणि चेनोपोडियमचे तेल चालत असे. दोन्हींत औषध आणि विष यांच्यातले अंतर फार थोडे. १९२१ मध्ये अमेरिकी कृषी खात्यातील पशुवैद्यक संशोधक मॉरिस हॉल यांनी अंकुशकृमीसाठी कार्बन टेट्राक्लोराइड सुचवले. हे द्रव्य कपड्यांच्या ड्राय क्लीनिंगमध्येही वापरले जाई आणि पुढे यकृताला घातक म्हणून बाजूला पडले. तरी त्या काळी ते लाखो लोकांना पाजले गेले, कारण दुसरे काही नव्हते.

खास माणसासाठी शोधलेल्या औषधांचे ठळक उदाहरण म्हणजे हत्तीरोगावरचे डायइथाइलकार्बामाझिन, आपल्या आरोग्यसेविकांच्या तोंडी असलेले डीईसी. १९४७ मध्ये ते अमेरिकेतल्या लेडर्ली कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने पुढे आणले. सुब्बाराव आंध्रातल्या भीमवरमचे. त्यांच्या गावाकडे हत्तीपाय पिढ्यान् पिढ्या होता, पण संशोधनाला निमित्त झाले ते दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर लढताना फायलेरियाची लागण झालेले अमेरिकी सैनिक. औषध शोधायला ज्ञान लागते, प्रयोगशाळा लागते, आणि वाट पाहणारा असा कुणीतरी लागतो ज्याच्या दुखण्याची किंमत मोजायला कुणी तयार असेल. सैनिकाच्या दुखण्याची किंमत सैन्याने मोजली, मेंढीच्या दुखण्याची ऑस्ट्रेलियाच्या आणि न्यूझीलंडच्या मेंढपाळांनी. बीड किंवा मोझांबिकमधल्या मुलाच्या दुखण्याची किंमत मोजणारे गिऱ्हाईक बाजारात कधी उभेच राहिले नाही.

१९६१ मध्ये मर्क कंपनीचे थायाबेंडाझोल आले आणि पशुऔषधांच्या बाजारात क्रांती झाली. त्यामागोमाग पायरँटेल, लेव्हामिसोल, मेबेंडाझोल, अल्बेंडाझोल आली आणि शिस्टोसोमियासिससाठी जर्मनीतले प्राझिक्वांटेल आले. या रांगेतला मुकुटमणी आयव्हरमेक्टिन. जपानच्या कितासातो संस्थेतील सातोशी ओमुरा यांनी इतो शहराजवळच्या एका गोल्फ मैदानालगतची माती गोळा केली, तिच्यातला जिवाणू वेगळा केला आणि तो अमेरिकेला मर्ककडे पाठवला. तिथे विल्यम कॅम्पबेल यांच्या चमूने जंत असलेल्या उंदरांवर तो तपासला. १९८१ मध्ये औषध जनावरांसाठी बाजारात आले आणि प्रचंड खपले. घोड्यांतल्या ऑन्कोसर्का कृमीच्या पिल्लांवर ते चालते हे कॅम्पबेल यांच्या लक्षात आले, मग माणसातल्या त्याच कुळातल्या कृमीवर का चालू नये, हा प्रश्न पुढे आला. मर्कमधले मोहम्मद अझीझ यांनी सेनेगलमध्ये माणसावरची पहिली चाचणी घेतली. १९८७ मध्ये मर्कने जाहीर केले की या रोगासाठी आयव्हरमेक्टिन हवे तितके आणि हवे तितकी वर्षे फुकट देऊ. ते वचन कंपनीने पाळले. २०१५ चे नोबेल ओमुरा आणि कॅम्पबेल यांना, मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनच्या संशोधक तू यूयू यांच्यासोबत विभागून मिळाले.

या दानाबद्दल कृतज्ञता असायलाच हवी. पण या व्यवहाराचा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. कंपनीने औषध फुकट दिले, कारण ज्यांना ते हवे होते ते कधीच विकत घेऊ शकणार नव्हते. पुढे अल्बेंडाझोल, मेबेंडाझोल, प्राझिक्वांटेल, डीईसी ही सगळी मोठ्या दानयोजनांतून वाटली जाऊ लागली. २०१२ च्या लंडन जाहीरनाम्याने त्यांना एकत्र बांधले. फुकटातल्या औषधाशी स्पर्धा करणारे नवे औषध कोणती कंपनी शोधेल? दानाने रोग्यांना आज आधार दिला, पण उद्याच्या संशोधनासाठी बाजारात राहिलेला उरलासुरला रसही त्यामुळे संपला. हे दात्यांचे पाप नाही; या व्यवस्थेची ती रचनाच आहे.

आता शास्त्राची अडचण. जिवाणू मारणे तुलनेने सोपे, कारण त्याची भिंत, त्याचे रायबोसोम आपल्यापेक्षा वेगळे. जंत हा प्राणी आहे. त्याला स्नायू आहेत, चेतातंतू आहेत, आतडे आहे. त्याला मारणारे द्रव्य आपल्यालाही इजा करण्याची शक्यता मोठी. म्हणून चांगले जंतनाशक म्हणजे दोन प्राण्यांमधला बारीकसा फरक शोधून त्यावर अचूक घाव घालणारे द्रव्य. आयव्हरमेक्टिन कृमीच्या चेतापेशींवरील ग्लुटामेटने उघडणाऱ्या क्लोराइडच्या मार्गिका उघड्या ठेवते आणि कृमी लुळा पडतो. सस्तन प्राण्यांत त्या मार्गिका नसतात, आणि औषधाचे कण मेंदूत शिरू नयेत म्हणून रक्त आणि मेंदू यांच्या सीमेवर एक प्रथिन पहारा देते. कॉली जातीच्या अनेक कुत्र्यांत हे प्रथिन बिघडलेले असते, म्हणून त्यांना आयव्हरमेक्टिन विषासारखे लागते. अल्बेंडाझोल आणि त्याची भावंडे कृमीच्या पेशींतील ट्युब्युलिन या सांगाड्याच्या प्रथिनाला चिकटतात. लेव्हामिसोल आणि पायरँटेल स्नायू आखडून टाकतात. प्राझिक्वांटेलची गोष्ट तर शास्त्राच्या मर्यादाच दाखवणारी आहे. १९८० पासून वापरात असलेले हे औषध नेमके कशावर काम करते ते २०१९ पर्यंत स्पष्ट नव्हते. त्या वर्षी शिस्टोसोमाच्या शरीरातील कॅल्शियमची एक मार्गिका सापडली आणि त्या औषधाचे लक्ष्य कळले. पुढे असेही दिसले की मेंढ्या-गुरांतल्या यकृतकृमीत त्याच मार्गिकेतला एक अमिनो आम्लाचा दुवा वेगळा आहे, म्हणून त्याच्यावर प्राझिक्वांटेल चालत नाही.

प्रयोगशाळेत जंत वाढवणे ही आणखी एक डोकेदुखी. जिवाणू बशीत रात्रभरात वाढतो. माणसातला ऑन्कोसर्का उंदरात पूर्ण वाढतच नाही. म्हणून संशोधक त्याचा लांबचा नातेवाईक उंदरांत आणि वाळवंटी जर्बिलांत पाळतात, कॅमेरूनमध्ये गुरांतल्या भाऊबंदावर चाचण्या घेतात. मानवी अंकुशकृमी हॅमस्टरमध्ये कसाबसा टिकवता येतो. सिडनी ब्रेनर यांनी प्रयोगशाळेत रुजवलेला सी. एलिगन्स हा मातीतला निरुपद्रवी कृमी मात्र या क्षेत्राचा मोठा आधार झाला. १९९८ मध्ये संपूर्ण जनुकसंच वाचला गेलेला तो पहिला बहुपेशीय प्राणी. लेव्हामिसोलचे लक्ष्य उलगडले ते याच कृमीच्या औषधाला न जुमानणाऱ्या वाणांमुळे. नंतर फायलेरियाच्या ब्रुगिया कृमीचा जनुकसंच २००७ मध्ये आणि शिस्टोसोमाच्या दोन जातींचे २००९ मध्ये वाचून झाले. आता डझनावारी कृमींचे जनुकसंच उपलब्ध आहेत. पण जनुकांच्या यादीतून गोळीपर्यंतचा रस्ता लांब आहे. लाखो रसायने कृमींच्या अळ्यांवर टाकायची, कोणत्या रसायनाने त्यांची वळवळ थांबते ते पाहायचे, मग त्यातली माणसाला सोसणारी निवडायची, हे काम आजही बहुतांशी असेच चालते.

तरीही जुनी औषधे चालत असतील तर नवी हवीत कशाला? हा प्रश्न अर्थसंकल्प करणारा अधिकारी विचारतो आणि तो रास्त आहे. उत्तर आकड्यांत आहे. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार अल्बेंडाझोलच्या एका गोळीने गोल जंताचे सुमारे ९६ टक्के रुग्ण बरे होतात, अंकुशकृमीचे जवळपास ८० टक्के, आणि ट्रायच्युरिसचे फक्त ३१ टक्के. म्हणजे चाबूक-जंत असलेल्या दहापैकी सात मुलांच्या पोटात गोळीनंतरही जंत उरतात. हत्तीरोगात आणि ऑन्कोसर्कायसिसमध्ये आयव्हरमेक्टिन रक्तातली किंवा त्वचेतली पिल्ले मारते, मोठा कृमी जिवंत राहतो. ऑन्कोसर्काचा मोठा कृमी दहा ते पंधरा वर्षे जगतो, तेवढी वर्षे दरवर्षी गोळ्या वाटत राहाव्या लागतात. मध्य आफ्रिकेत लोआ लोआ नावाचा आणखी एक कृमी असतो. ज्याच्या रक्तात त्याची पिल्ले फार, त्याला आयव्हरमेक्टिन दिले तर मेंदूला घातक सूज येऊ शकते. प्राझिक्वांटेल नुकत्याच शरीरात शिरलेल्या कोवळ्या कृमींवर चालत नाही.

शिस्टोसोमियासिस आपल्याकडे नाही असे बहुतेक डॉक्टर सांगतील. पण १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाणाऱ्या या रोगाचे स्थानिक केंद्र नोंदवले होते. कोकणातल्या एका गावाचे नाव परजीवीशास्त्राच्या पुस्तकांत कायमचे गेले ते असे.

औषध निकामी होण्याची भीती ही दुसरी बाब, आणि माझ्या मते अधिक गंभीर. थायाबेंडाझोल बाजारात येऊन तीनच वर्षे झाली होती, तेव्हा १९६४ मध्ये अमेरिकेतल्या मेंढ्यांत त्याला न जुमानणारे जंत सापडले. त्यानंतर जगभरच्या मेंढ्यांमध्ये हीमोंकस या रक्त पिणाऱ्या जंताने एकेक औषधवर्ग निकामी करत नेला. आयव्हरमेक्टिनचाही निकाल १९८० च्या दशकातच दक्षिण आफ्रिकेत लागू लागला. मग नोव्हार्टिसने मोनेपँटेल हा पूर्णपणे नवा वर्ग शोधला. पंचवीस वर्षांनी नवा वर्ग आला म्हणून मोठे कौतुक झाले. २००९ मध्ये न्यूझीलंडमध्ये ते विक्रीला आले आणि २०१३ मध्ये त्याच देशातल्या एका शेतावरच्या शेळ्या-मेंढ्यांत त्याला दाद न देणाऱ्या जंतांची नोंद झाली. त्या शेतावर वापर सुरू झाल्यापासून दोन वर्षांपेक्षा कमी काळात, एकच औषध पुन्हापुन्हा पाजल्यामुळे. अमेरिकेत आता कुत्र्यांतल्या अंकुशकृमीवर उपलब्ध असलेल्या जवळजवळ सगळ्या औषधांचा परिणाम कमी होताना दिसतो.

आपल्याकडे शेळ्या-मेंढ्या पाळणारा पावसाळ्याच्या आधी आणि नंतर कळपाला जंताचे औषध पाजतो. अंदाजाने पाजलेली कमी मात्रा, वजन न करता दिलेले औषध, पुन्हा पुन्हा तेच औषध: प्रतिकार घडवायला याहून पोषक परिस्थिती नाही. माणसाच्या मोहिमेतही तेच चालले आहे. एकच रेणू, एकच मात्रा, वर्षानुवर्षे, कोट्यवधी पोटांत. माणसातल्या जंतांत सिद्ध झालेला व्यापक प्रतिकार अजून दिसलेला नाही, पण इशारे येत आहेत. अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन एकत्र देऊन ट्रायच्युरिसवर तीन देशांत चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आले. लाओसमध्ये ६६ टक्के रुग्ण बरे झाले, टांझानियातल्या पेंबा बेटावर ४९ टक्के, आणि कोत दिव्वारमध्ये अवघे १४ टक्के. सुरुवातीला शंका प्रतिकाराची होती. नंतर जनुके वाचली तेव्हा कळले की कोत दिव्वारमधल्या त्या लोकांत असलेला कृमी वेगळ्याच जातीचा आहे. शास्त्रज्ञांनी त्याला ट्रायच्युरिस इन्कॉग्निटा असे नाव दिले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींची अंडी सारखीच दिसतात. आपण कोणत्या शत्रूवर गोळी चालवतो आहोत हेच इतकी वर्षे नीट माहीत नव्हते.

आता येऊ घातलेल्या औषधांकडे. सर्वांत जवळचे, सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाचे पाऊल म्हणजे जुन्याच औषधांच्या जोड्या. अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन एकाच गोळीत बांधलेले औषध युरोपीय निधीतून आणि बार्सिलोनाच्या आयएसग्लोबल संस्थेच्या नेतृत्वाखाली इथिओपिया, केनिया आणि मोझांबिकमधल्या मुलांवर तपासले गेले. एका मात्रेत ट्रायच्युरिसचे सुमारे ८३ टक्के रुग्ण बरे झाले, एकट्या अल्बेंडाझोलने सुमारे ३६ टक्के. जानेवारी २०२५ मध्ये युरोपीय औषध संस्थेने त्याच्याबद्दल अनुकूल मत दिले. दोन वेगळ्या मार्गांनी मारणारी औषधे एकत्र असली की प्रतिकाराला पळवाट सापडणे अवघड होते, हा फायदा निराळाच. हत्तीरोगातही हेच घडले. पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल एकदाच एकत्र दिल्यावर तीन वर्षांनीही ९६ टक्के लोकांच्या रक्तात कृमीची पिल्ले नव्हती. भारताने ही तिहेरी मात्रा २०१८ च्या अखेरीस बिहारच्या अरवल जिल्ह्यात सुरू केली आणि नागपूर हा तिच्यासाठी निवडलेल्या पहिल्या पाच जिल्ह्यांपैकी एक होता. विदर्भात हत्तीरोगाचे ओझे वाहणाऱ्या घरांसाठी गेल्या कित्येक वर्षांतली ही सर्वांत मोठी वैद्यकीय घडामोड आहे, आणि तिच्यात एकही रेणू नवा नाही.

दुसरी वाट पुन्हा गोठ्याकडेच जाते. मॉक्सिडेक्टिन हे आयव्हरमेक्टिनचे भावंड, जनावरांत कित्येक वर्षे वापरात. ते शरीरात कितीतरी जास्त काळ टिकते. घाना, लायबेरिया आणि काँगोतल्या चाचण्यांनंतर ऑस्ट्रेलियातल्या एका ना-नफा संस्थेने २०१८ मध्ये ऑन्कोसर्कायसिससाठी त्याची अमेरिकी मान्यता मिळवली. कंपनीने सोडून दिलेला रेणू एका छोट्या संस्थेने जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन कार्यक्रमाच्या साथीने तडीस नेला, हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे. यकृतकृमीवरचे ट्रायक्लाबेंडाझोल, मेंढ्यांसाठी १९८० च्या दशकात आलेले, त्याला अमेरिकेत माणसासाठी मान्यता मिळाली २०१९ मध्ये. ऑक्सफेंडाझोल हेही पशुऔषध, मेंदूतल्या पट्टकृमीच्या गाठींसाठी माणसात तपासले जात आहे. भारतात फिट्सच्या कारणांत या गाठींचा वाटा मोठा असल्याने त्याच्याकडे आपले लक्ष असायला हवे.

पण माझी सर्वांत जास्त आशा आहे ती इमोडेप्साइडवर. जपानमध्ये कॅमेलियाच्या पानांवरच्या बुरशीतून मिळालेल्या द्रव्यापासून ते बनले आणि बायरने ते मांजरांच्या मानेवर लावायच्या औषधात आणले. त्याचे लक्ष्य कृमीच्या स्नायू आणि चेतापेशींतील पोटॅशियमची एक मार्गिका आहे, म्हणजे जुन्या कोणत्याही औषधाशी त्याचे नाते नाही. पेंबा बेटावरच्या चाचणीचे निकाल २०२३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. पाच मिलिग्रॅमच्या एका मात्रेने ट्रायच्युरिसचे ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे झाले; अल्बेंडाझोल घेतलेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. अंकुशकृमीवरही ते प्रभावी दिसले. डीएनडीआय ही ना-नफा संस्था बायरसोबत तेच औषध ऑन्कोसर्काच्या मोठ्या कृमीवर तपासत आहे. तसली पोटॅशियम मार्गिका माणसातही असते, म्हणून काही जणांना काही काळ धूसर दिसणे, चक्कर, डोकेदुखी असे त्रास झाले. निरोगी मुलांना सरसकट वाटायच्या औषधाची सुरक्षितता इतर औषधांपेक्षा काटेकोर तपासावी लागते, त्यामुळे पुढच्या चाचण्यांत घाई परवडणारी नाही. तरी माणसातल्या जंतांवर खरोखर नवा वर्ग दिसू लागला आहे, आणि चार दशकांत असे प्रथमच घडते आहे.

लहान मुलांसाठी झालेले एक काम मला विशेष मोलाचे वाटते. प्राझिक्वांटेलची गोळी मोठी आणि कडू. त्यातला निम्मा भाग औषधी आणि त्याचा आरशातल्या प्रतिमेसारखा निम्मा भाग निरुपयोगी, कडूपणाला मुख्यतः तोच जबाबदार. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी या औषधाचे योग्य रूपच नव्हते. आफ्रिकेत अशी सुमारे पाच कोटी मुले. २०१२ मध्ये जर्मनीची मर्क, जपानची अस्टेलास, स्वित्झर्लंडची उष्णकटिबंधीय आरोग्य संस्था आणि इतरांनी मिळून फक्त औषधी अर्धाच असलेली, पाण्यात विरघळणारी छोटी गोळी बनवायला घेतली. केनिया आणि कोत दिव्वारमधल्या चाचण्यांनंतर २०२३ अखेर युरोपीय संस्थेचे अनुकूल मत आले आणि २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता. जुनेच औषध मुलाच्या तोंडाला सोसेल असे करायला बारा वर्षे लागली. इतकी वर्षे त्या मुलांना मोहिमांतून वगळले जात होते, आणि ते कुणाला खटकत नव्हते.

फायलेरिया आणि ऑन्कोसर्काच्या कृमींच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जिवाणू राहतात आणि त्यांच्याशिवाय कृमीची वीण थांबते. डॉक्सिसायक्लिन चार ते सहा आठवडे दिल्यास हे जिवाणू मरतात, कृमी वांझ होतो आणि पुढे मरतो. पण इतके दिवस रोज गोळी घेणे गावभर कसे जमणार? म्हणून हेच काम आठवड्याभरात करणारी द्रव्ये लिव्हरपूल आणि बॉन इथले संशोधक शोधत आहेत. त्यातले कोरॅलोपायरोनिन हे मातीतल्या जिवाणूपासून मिळालेले द्रव्य आशादायक आहे. मोठ्या कृमीसाठीच फ्लुबेंडाझोलवरही बरीच मेहनत झाली, पण प्राण्यांवरच्या सुरक्षा-तपासण्यांत ते अडकले आणि सोडून द्यावे लागले. अशा अपयशांची नोंद ठेवणे गरजेचे आहे, कारण या क्षेत्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच द्रव्ये एका वेळी चाचणीत असतात. एक गळाले की दहा वर्षे मागे.

पैशाचा प्रश्न शेवटी सगळ्याच्या मुळाशी येतो. १९७५ ते २००४ या काळात जगात १,५५६ नवी औषधे बाजारात आली. त्यातली उष्णकटिबंधीय रोग आणि क्षयरोग मिळून फक्त २१. अमेरिकेने २००७ मध्ये एक तोडगा काढला: अशा रोगावर औषध मान्य करून घेणाऱ्याला दुसऱ्या कुठल्याही औषधाची तपासणी लवकर करून घेण्याचे व्हाउचर मिळेल, आणि ते विकताही येईल. मॉक्सिडेक्टिनला त्याचा फायदा झाला. पण औषध गरिबाला स्वस्तात मिळावे अशी अट त्या व्हाउचरमध्ये नाही, आणि पूर्वीच इतरत्र वापरात असलेल्या औषधालाही ते मिळते. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा त्या मदतीवर २००६ पासून चाललेल्या गोळीवाटपाच्या मोहिमांनाच मोठा धक्का बसला. संशोधन तर त्यापुढची गोष्ट.

औषधाशिवायही जंत हरतात, हे आपल्याला नारूने दाखवले. पायविहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या माणसाच्या पायातून हातभर दोरा निघायचा, तो काडीला गुंडाळत रोज थोडा ओढायचा, हे मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवते. नारूवर ना गोळी होती ना लस. पाणी गाळणे, पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, हातपंप बसवणे एवढ्यावर तो गेला. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त म्हणून प्रमाणित झाला. म्हणून काही जण म्हणतात की पैसा संडासांवर आणि पाण्यावर खर्च करा, औषधांवर नको. मला हे अर्धे पटते. गोळी खाऊन पोट साफ झालेले मूल त्याच मातीत अनवाणी खेळले तर काही महिन्यांत पुन्हा जंत होतात. पण नारूला पाण्याची एकच वाट होती. अंकुशकृमी पायाच्या कातडीतून शिरतो, फायलेरिया डासातून येतो. शौचालये आणि गटारे सगळीकडे पोचेपर्यंतची वर्षे मोठी आहेत, आणि त्या वर्षांत वाढणाऱ्या मुलांना औषधच हवे.

इथे भारताची भूमिका मला अपुरी वाटते. हत्तीरोगाच्या जागतिक मोहिमेसाठी जपानच्या इसाई कंपनीने दान केलेल्या डीईसीच्या गोळ्या विशाखापट्टणमला बनतात. वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये फायलेरियाच्या निदानावर कित्येक दशके संशोधन झाले. हत्तीरोग २०२७ पर्यंत दूर करण्याचे उद्दिष्ट सरकारने ठरवले आहे. जंतांच्या गोळ्या खाणारी सर्वाधिक मुले ज्या मोजक्या देशांत आहेत त्यांत आपण आहोत, त्या गोळ्या बनवणाऱ्या देशांतही आपण अग्रभागी आहोत. नवे जंतनाशक शोधणाऱ्यांत मात्र आपले नाव जवळपास नाही. चाचण्या पेंबात, कोत दिव्वारमध्ये, घानात होतात. शोध बार्सिलोना, बाझेल, लिव्हरपूल आणि बॉनमध्ये लागतात.

जी औषधे आपल्या मुलांना दरवर्षी देतो ती किती काळ चालतील हे तपासण्यासाठी जिल्हावार नियमित पाहणी व्हावी, आणि ती अंडी मोजण्यावर न थांबता जनुकांपर्यंत जावी. कळपांना औषध पाजताना वजन करून मात्रा द्यावी आणि औषधांचे वर्ग आलटून पालटून वापरावेत, यासाठी पशुसंवर्धन आणि आरोग्य या दोन खात्यांनी एका टेबलावर बसावे. जंताला खात्याची सीमा कळत नाही. आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने आपल्या औषध कंपन्यांना सोबत घेऊन इमोडेप्साइडसारख्या नव्या वर्गाच्या चाचण्या इथल्या मुलांसाठी, इथल्या जंतांवर कराव्यात. ज्या देशातल्या वीस कोटींहून अधिक मुलांना जंतांचा धोका आहे, त्या देशाने पुढचे औषध कुणाच्या तरी मेंढीसाठी शोधले जाण्याची वाट पाहू नये.